खिशात मावेल एवढी डबी

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सेक्रेटरींनी मला विचारलं, "मॅडम, सप्ताहात एक दिवस तुमचं भाषण ठेवू या. विषय काय लिहू?" मी म्हटलं, "डबी." ते म्हणाले, "कसली डबी?" मी म्हटलं, "रिकामी." त्यांनी फलकावर नुसतं 'आरोग्य व सुरक्षितता' असं लिहून टाकलं. म्हणून आज इतकी गर्दी आहे. कुणाला रक्तदाब तपासून मिळेल असं वाटत असेल, तर आत्ताच सांगते, तसं काही नाही. मी डॉक्टर नाही. मी शाळेत तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि डोंगर चढायची हौस आहे. या दोन गोष्टींच्या जोरावर बोलणार आहे.

विषय असा. घराबाहेर असताना अचानक अडकलो, पाऊस, बंद पडलेली गाडी, चुकलेली वाट, मोडलेला हात, काहीही, तर पुढचे बारा-पंधरा तास निभावून नेतील अशा चार वस्तू अंगावर असाव्यात. त्या वस्तूंच्या याद्या पुष्कळ मिळतात. पण त्या ठेवायच्या कशात, याकडे कुणी फारसं बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. त्याची किंमत मी मोजली आहे, ती पुढे सांगते.

आधी २६ जुलै २००५. आपल्या सोसायटीला तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्या रात्री तळमजल्यावरची चार कुटुंबं वरच्या मजल्यांवर राहायला आली, पाण्याचा पंप बुडाला, हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. मी मात्र इथे नव्हते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. माझी शाळा भांडुपला. कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही चार शिक्षिका स्टेशनला पोचलो, लेडीज डब्यात चढलो, आणि गाडी ठाण्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. रात्र डब्यातच.

रात्री नऊच्या सुमारास समोर बसलेल्या एका बाईंना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. त्या मधुमेहाच्या. दुपारी गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. साखर उतरली होती. मी विज्ञानाची शिक्षिका, मला लगेच कळलं की यांना आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड द्यायला हवं. आणि माझ्या पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा होताही! मी मोठ्या ऐटीत पर्स उघडली. पर्स पाण्यातून आलेली. आत पुठ्ठ्याचा लगदा, आणि ग्लुकोज विरघळून सगळ्या पर्सभर चिकट चिकट. द्यायला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात दाराशी टोपली घेऊन बसलेल्या भाजीवाल्या मावशींनी कनवटीची एक डबी काढली. स्टीलची, फिरकीच्या झाकणाची, लिंबाएवढी. आत गूळ. कोरडा खडखडीत. "मला बी कधी कधी गरगरतं, म्हनून ठेवते," म्हणाल्या. त्या बाईंना गूळ दिला, दहा-पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. वस्तू माझ्याकडेही होती आणि मावशींकडेही. फरक डबीचा होता. आणि ती कुठे ठेवली होती, त्याचाही. माझी पर्स खांद्यावरून दोनदा पाण्यात पडली होती. मावशींची डबी कमरेला होती.

त्या दिवसापासून मला डबीचं वेड लागलं. आमचे हे म्हणतात, तुझ्या माहेरचंच आहे ते. खरंही आहे. माझ्या आजीकडे चंची होती. तरुण मंडळींना माहीत नसेल, कापडाची, आत कप्पे असलेली, गुंडाळून कमरेला खोचायची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात लवंग-वेलदोडा, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात सुंठ, ओवा आणि घडी घातलेली नोट. 'आजीबाईचा बटवा' आपण म्हणतो तो हाच प्रकार. आजोबा प्रवासाला निघाले की बरोबर फिरकीचा तांब्या. झाकण फिरवून घट्ट बसायचं, बैलगाडी कितीही आदळली तरी थेंब सांडत नसे. म्हणजे ही विद्या आपल्याकडे होती. फक्त तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं.

बाहेरच्या देशांत हे लढाईमुळे पुढे आलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर उपयोगी पडेल अशी छोटी पेटी देत. आत होकायंत्र, माल्टच्या दुधाच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, काडेपेटी, पाणी भरायला रबराची पिशवी. सुरुवातीला त्यासाठी सिगारेटची चपटी पत्र्याची डबी वापरली, नंतर प्लास्टिकची पेटी आली. पुढे १९८६ मध्ये जॉन वाइजमन या ब्रिटिश सैनिकाचं एक पुस्तक आलं, त्यात तंबाखूच्या डबीत असा संच भरायला सांगितला होता, आणि मग जगभरचे हौशी लोक डब्या भरायला लागले. अमेरिकेत पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी त्यासाठी लोकप्रिय आहे. मीही ते वाचून पहिली डबी केली. आणि इथे माझी फजिती सुरू होते.

मी विचार केला, २००५ ला काय चुकलं? पाणी आत गेलं. म्हणजे पाणी आत जाता कामा नये. बस, एवढा एकच विचार. एक स्टीलची चपटी डबी शोधली. साडेनऊ सेंटिमीटर लांब, सहा रुंद, झाकणाला आतून रबराची रिंग. वरून इलेक्ट्रिशियनची काळी टेप तीन वेढे. बादलीत रात्रभर बुडवून बघितली, आतला कागद कोरडा. मला इतका आनंद झाला की मी ती स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत फिरले.

२०११ चा पावसाळा. आम्ही सात जण राजमाचीला गेलो होतो. उधेवाडीत जेवलो. तिथे आमच्यातल्या एकीच्या टाचेला फोड आला होता, म्हणून मी चुलीजवळ बसून डबी उघडली, पट्टी काढून दिली, डबी बंद केली, टेप परत घट्ट गुंडाळली. आणि कोंडाणे लेण्यांच्या बाजूने कर्जतकडे उतरायला लागलो. धुकं, पाऊस. साधारण अर्ध्या वाटेवर मी जरा आडोशाला गेले. बायकांना समजेल. पुढच्यांना वाटलं मी मागच्यांबरोबर आहे, मागच्यांना वाटलं मी पुढे गेले. परत वाटेवर येताना ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि मी उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. आवाजच आला.

हाका मारल्या. ओढ्याच्या खळखळाटात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. मोबाइलला रेंज नाही. मग आठवलं, डबीत शिट्टी आहे! डबी खिशातच होती, डाव्या हाताने काढली. आणि मंडळी, ती उघडेना.

ओला हात, तोही डावा. टेपचं टोक सापडेना. दाताने टेप कुरतडली. टेप निघाली, तर झाकण निघेना. मांडीत धरलं, दगडावर टेकवलं, नख तुटलं, झाकण जागचं हललं नाही. शिट्टी माझ्यापासून दोन मिलिमीटर पत्र्यापलीकडे, कोरडी आणि सुखरूप, आणि मी बाहेर भिजतेय. वेदनेपेक्षा राग जास्त आला. रडलेही. हे आजपर्यंत मी आमच्या यांनाही नीट सांगितलेलं नाही.

शेवटी रागाच्या भरात एक दगड घेतला आणि डबीवर हाणायला लागले, फुटली तर फुटली. डबी फुटली नाही. पण ठक ठक असा आवाज व्हायला लागला. गच्च भरलेली डबी, त्यामुळे काही मंजूळ नाद नव्हे, बद्दच आवाज. पण रानात धातूवर दगडाचा आवाज वेगळा पडतो. वरच्या अंगाला गुरं घेऊन परतणारे एक दादा होते. त्यांना वाटलं कुणी झाड तोडतंय की काय, म्हणून बघायला आले. त्यांनी मला उतरवून आमच्या लोकांपर्यंत पोचवलं. तोवर दीड तास झाला होता आणि आमची माणसं मला शोधत परत वर चढत होती. ती डबी घरी आल्यावर यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून उघडली. आतला कण अन् कण कोरडा होता.

मनगटाला प्लास्टर घालून सहा आठवडे घरी बसले होते, तेव्हा विचार करायला वेळच वेळ होता. झाकण इतकं का बसलं? उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गरम भाजी भरून डबा लावला आणि तो गार झाला की झाकण निघत नाही, बरोबर? आतली हवा गार झाली की तिचा दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा झाकण आत दाबते. मी डबी चुलीशेजारी उबदार हवेत बंद केली आणि गार पावसात नेली. शिवाय वर बंद केली आणि खाली उतरले. तीनशे मीटर उतरलं की बाहेरच्या हवेचा दाब तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतो. दोन्ही मिळून तेवढ्याशा झाकणावर साडेतीन-चार किलोंचं ओझं ठेवल्यासारखं झालं. हाच धडा मी नववीला दरवर्षी शिकवत होते!

तर आता माझ्या चार परीक्षा ऐका. कुठलीही डबी घ्या, बाजारातली, घरातली, महाग, फुकटची, या चार परीक्षांना बसवा.

पहिली परीक्षा, अंगावर राहते का? पर्समध्ये नाही, सॅकमध्ये नाही, अंगावर. सॅक आपण काढून ठेवतो, पर्स रॅकवर ठेवतो, आणि प्रसंग नेमका तेव्हाच येतो. डबी खिशात घालून एक दिवस घरात वावरा. जिने चढा, मांडी घालून जेवा, खाली वाकून केर काढा. टोचली, तर तुम्ही ती चौथ्या दिवशी घरी ठेवून जाणार. म्हणून मी उलट क्रम सांगते. लोक आधी वस्तू जमवतात आणि मग त्या मावतील एवढा डबा शोधतात. डबा मोठा होतो आणि कपाटात राहतो. आधी जागा ठरवा, जागेपुरती डबी घ्या, आणि डबीत मावेल तेवढंच भरा. माझ्या मते अर्ध्या पोस्टकार्डापेक्षा मोठी आणि दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जाड डबी खिशाची नव्हे.

आता बायका म्हणतील, खिसा आहे कुठे आम्हाला? अगदी खरं. कुर्त्यांना खिसा नाही, असला तर रुमालही मावत नाही. आजीच्या नऊवारीला कनवट होती, आपण तीही घालवून बसलो. मी शिंप्याकडून प्रत्येक कुर्त्याला आणि परकराला आतून खिसा लावून घेते, वर बटण. शिंपी आधी हसतो, मग लावतो. ते जमत नसेल तर कमरेची पट्ट्याची पिशवी घ्या. पण अंगावर.

दुसरी परीक्षा, पाणी. आत शाईच्या पेनने चार ओळी लिहिलेला कागद ठेवा. बॉलपेन नको, शाईचंच. डबी बंद करून बादलीत, वर दगड, रात्रभर. सकाळी शाई पसरली असेल तर डबी नापास.

तिसरी परीक्षा, एका हाताने उघडणे. आणि तो हात चुकीचा. उजव्या हाताने कामं करत असाल तर डाव्या हाताने. हात साबणाच्या पाण्यात बुडवून, डोळे मिटून, तिसापर्यंत आकडे मोजेपर्यंत उघडली पाहिजे. गुडघ्यात धरायची मुभा आहे. ही परीक्षा कुणीच घेत नाही. मीही घेतली नव्हती.

चौथी परीक्षा, पडली तर? कमरेच्या उंचीवरून फरशीवर तीनदा पाडा. झाकण उडालं तर आतल्या गोळ्या गवतात शोधत बसावं लागेल.

मे महिन्यात ही परीक्षा आपण प्रत्यक्ष घेतली. समोर बसलेल्या बालसेनेने घराघरांतून डब्या गोळा केल्या, चौदा प्रकार जमले, आणि माझ्या गॅलरीत दोन बादल्यांत त्या रात्रभर बुडवल्या. सी विंगमधल्या एका काकूंची पानाची डबी त्यात होती, ती त्यांना न विचारता आणली होती हे नंतर कळलं. त्यांची माफी मागितली आहे.

निकाल सांगते.

पेपरमिंटच्या गोळ्यांची बिजागरीची पत्र्याची डबी. चपटी, हलकी, अंगठ्याने उघडते, खिशात सुंदर बसते. पण बादलीत दहा मिनिटांत पाणी आत. शिवाय आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत गंजते. वापरायची तर आतला माल झिपच्या छोट्या पिशवीत घालून मग डबीत ठेवा. झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून घाला. टेपपेक्षा चांगली, ओल्या हाताने निघते.

तंबाखू-चुन्याची दोन तोंडांची डबी. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, ती. आकार उत्तम, पण एका बाजूचं झाकण पाण्यात आपोआप निघालं. आणि कितीही धुतली तरी वास जात नाही, त्यात औषध कोण ठेवणार?

मुलांची कंपासपेटी. लांब फार, खिशात उभी राहते, पडली की हमखास उघडते. मुलांना हे सांगायची गरज पडली नाही.

फिरकीची स्टीलची डबी, म्हणजे मावशींची. पाण्याला पक्की. गुडघ्यात धरली तर एका हाताने उघडते. गोल असल्यामुळे खिसा फुगतो, पण कनवटीला किंवा कमरेच्या पिशवीत उत्तम. पास.

कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी, राखाडी झाकणाची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पंचवीस वर्षं जपून ठेवलेली काढून दिली. पाण्याचा थेंब आत नाही, अंगठ्याने झाकण उडतं. पास, पण आता मिळणार कुठे? ज्यांच्याकडे आहे त्यांनी टाकू नका.

फसफसणाऱ्या गोळ्यांची उभी नळी. हिच्या झाकणात ओल शोषून घेणारे दाणे असतात. बादलीत कागद जरासा दमट झाला, एवढंच. पावसाच्या भिजण्याला पुरेशी आहे. ज्यांना फक्त औषध आणि काड्या ठेवायच्या आहेत त्यांना फुकटात चांगला पर्याय.

चारी बाजूंनी क्लिप लागणारी प्लास्टिकची छोटी डबी, झाकणात रबराची रिंग असलेली. पाणी नाही, पडून उघडली नाही, आणि एका हाताने उघडली, कारण क्लिप हे तरफेचं काम करते. झाकण एकदम उपसावं लागत नाही, एकेक बाजू सुटते आणि आत हवा शिरते. माझ्या त्या डबीत जे अडलं ते इथे अडत नाही. आतलं बाहेरून दिसतंही. दोष दोन. क्लिपची बिजागरी वर्ष-दोन वर्षांत तडकते, म्हणून अधूनमधून वाकवून बघा. आणि ही विस्तवावर ठेवता येत नाही.

त्या विस्तवावरून पुस्तकं वाचलेली मंडळी माझ्याशी भांडतात. "धातूची डबी हवी, तिच्यात पाणी उकळता येतं, झाकण आरशासारखं चमकवून खूण करता येते." बरोबर आहे. पण हिशोब करा. माझ्या त्या डबीत फार तर शंभर मिलिलिटर पाणी मावेल. अर्धा कप चहा! आपण जिथे हिंडतो, सह्याद्रीत, कोकणात, लोकलमध्ये, एक्स्प्रेसमध्ये, तिथे आठवडाभर रानात एकटं राहायची वेळ येत नाही. गाव तासा-दोन तासांवर असतं. आपल्याला लागते ती एक ओली रात्र काढण्याची तयारी, आणि 'मी इथे आहे' हे सांगता येण्याची सोय. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवासी होते. आपल्या दारातली घटना. तिथे कुणाला विस्तव पेटवायचा नव्हता. कुणाची औषधं, कुणाचं बाळ, कुणाच्या फोनची बॅटरी, हे प्रश्न होते. हिमालयात जाणाऱ्यांनी जरूर धातूचा मग न्यावा, पण तो सॅकमध्ये. आणि कधी धातूची डबी विस्तवावर ठेवलीच, तर झाकण सैल ठेवा. बंद डबी तापली तर झाकण उडून इजा होते.

आणि शिट्टी? आता माझी शिट्टी डबीत नसते. गळ्यात दोरीला असते. आत मणी नसलेली प्लास्टिकची शिट्टी, ओली झाली तरी वाजते. तीन वेळा वाजवायची, थांबायचं, परत तीन. ज्या वस्तूला पहिल्या मिनिटाला हात लागायला हवा, ती कुठल्याच डबीत ठेवू नका. माझ्या प्लास्टरच्या सहा आठवड्यांचं सार एवढंच.

डबीत मग काय? माझी सांगते, तुमची वेगळी असेल. दोन दिवसांची रोजची औषधं, पट्टीतून कापून, पण नाव आणि मुदतीची तारीख राहील अशी. ग्लुकोजच्या चार गोळ्या. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या. जखमेच्या दोन-तीन पट्ट्या, चार सेफ्टी पिना, सुई-दोरा. बटण सेलचा छोटा दिवा. सहा काड्या आणि काडेपेटीची घासायची पट्टी, दोन्ही वेगवेगळ्या गुंडाळून, एकमेकांवर घासल्या जाऊ नयेत म्हणून. एक पाचशेची आणि दोन शंभराच्या नोटा, कारण पुरात वीज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. आणि एक चिठ्ठी. तिच्यावर घरच्यांचे नंबर, रक्तगट, कुठलं औषध चालत नाही ते, आणि ११२. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेन्सिलचं शिसं पाण्यात विरघळत नाही. सगळं मिळून सव्वाशे ग्रॅमसुद्धा भरत नाही.

ब्लेड ठेवायचं का, हा प्रश्न मुलांनी विचारला. नाही. शाळेत चालत नाही आणि विमानतळावर काढून घेतात. मुलांच्या डबीत औषध आणि काड्याही नकोत. चिठ्ठी, पट्टी, दिवा, थोडे पैसे आणि गळ्यात शिट्टी, एवढं पुरे. मात्र शिट्टी उगाच वाजवायची नाही. मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये एक शिट्टी वाजली तेव्हा वॉचमनकाका तीन मजले धावत वर आले, आणि लिफ्ट चालूच होती. कोण होतं ते मला माहीत आहे, मी बघतही त्याच्याकडेच आहे.

शेवटची गोष्ट. भरलेली डबी विसरली जाते. गोळ्यांची मुदत संपते, सेल गळतो, रबराची रिंग कडक होते. माझ्या बहिणीच्या डबीतला सेल गळून सगळ्या नोटा हिरव्या झाल्या होत्या. म्हणून कमिटीपुढे एक सूचना ठेवते. वर्षातून दोनदा आपण सगळे खाली जमतोच, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला. झेंडावंदन झालं, चहा-बिस्कीट झालं, की पाच मिनिटं आपापली डबी काढायची, डाव्या हाताने उघडायची, आणि बघायची. ज्येष्ठ मंडळींची डबी शेजारच्या मुलांनी उघडून बघायची, औषधांच्या तारखा वाचून दाखवायच्या. ज्यांना हाताच्या सांध्यांचा त्रास आहे त्यांना क्लिपही जड जाते, त्यांच्या झाकणाखालून कापडाची एक फीत घालून द्या, ओढली की उघडते. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या पाण्याच्या टाकीची किल्ली कुठे असते हे प्रत्येकाला माहीत असावं असा नियम आपण केला होता. २००५ ला तो उपयोगी पडला. तसाच हा.

ते गुरांबरोबरचे दादा मला पुन्हा भेटले. प्लास्टर निघाल्यावर दिवाळीच्या आधी आम्ही मुद्दाम गेलो होतो. फराळाचा डबा दिला आणि ती चेपलेली डबीही दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली, उघडायचा प्रयत्न केला, आणि मला म्हणाले, "बाई, एवढी घट्ट डबी कशाला घेता? वाजवायलाच घ्यायची तर घंटा घ्या की."

मी घंटा घेतली नाही, शिट्टी घेतली. डबी मात्र बदलली. खाली टेबलावर चौदाही डब्या मांडल्या आहेत, दोन बादल्याही भरून ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एकदा हात ओला करून, डाव्या हाताने, डोळे मिटून उघडून बघा. आणि काकू, तुमची पानाची डबी टेबलाच्या उजव्या टोकाला आहे, धुऊन पुसून ठेवली आहे.